बटण दिसलं होतं

माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही वेडंवाकडं येतं. कुणी ही वही वाचलीच तर सांभाळून घ्यावं.

माझी मुलगी वेबसाइट बनवते. पहिलं काम नानाखेड्याच्या, देवाला आलेले यात्रेकरू उतरतात अशा एका लॉजवाल्याचं मिळालं. आगाऊ आलेले बारा हजार तिची फी भरण्यात गेले. एकच पान एका ब्राउझरमध्ये सरळ दिसतं आणि दुसऱ्यात ओळी फोटोवर चढतात, हे मला तेव्हा कळलं. दिवसभर ती तेच नीट करत बसायची. मग घरातल्या फोनांवर उघडून बघायची. सगळ्यात जुना फोन माझा.

"आई, नीट दिसतंय ना?"

"हो, छान."

खरं तर खोली बुक करायचं बटण देवळाच्या फोटोखाली दबलं होतं. बोट लावून काही होत नव्हतं. वाटलं, फोनच जुना आहे. शिकलेल्या मुलीला आपण काय सांगायचं?

श्रावणात लॉज अर्धं रिकामं राहिलं. मालक घरी आले.

"बहनजी, गाँव के यात्री नया फोन खरीदेंगे क्या? बटन दबता ही नहीं! मेरा एडवांस वापस करो."

ते गेल्यावर मुलीने माझ्या फोनवर पान उघडलं.

"आई, तुला हे दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग तुला विचारत होते ते काय शोभेला?"

तासाभरात तिने बटण वर आणलं. पण मालकांनी काम दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायची, ताट घासून ठेवायची, बस.

पैसे फेडायला मी माधव नगरला दोन घरी पोळ्यांचं काम धरलं. दर महिन्याला दोन हजार मुलगी मालकांना नेऊन द्यायची आणि मान खाली घालून परत यायची. ते मला बघवेना. शेवटचे दोन हजार मी स्वतः घेऊन गेले. काउंटरपाशी लोक होते, त्यांच्यासमोरच बोलले.

"भैयाजी, गलती लड़की की नहीं थी। मैंने देखा था, बोली नहीं।"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, नोटा मोजल्या आणि वहीतल्या आमच्या नावावर काट मारली. बारा हजार पूर्ण फिटले.