दगडाच्या पाठीवरची वेणी

हात चालावा तर ताईसारखा! कोपऱ्यावरच्या तिच्या पार्लरमध्ये दोन खुर्च्या, एक तडा गेलेला आरसा आणि बाकावर कायम गर्दी. नाकं मुरडत आलेल्या बायका जाताना आरशात स्वतःवरच खूश होऊन जायच्या. अशा या बाईला घरी स्वतःच्या आईचे केस मात्र विंचरता येत नव्हते. काय म्हणावं आता नशिबाला!

आईला विसरण्याचा आजार जडला होता. पोटच्या लेकीला ती ओळखत नव्हती, आणि कंगवा दिसला की अंगावर धावून यायची. केसांचा पार गुंता झाला, डोक्यात फोड आले. थोरला भाऊ, दादा, शेवटी वैतागून म्हणाला की आता सरळ मशीन फिरवू. त्याचं तरी काय चुकलं? पण ते कमरेपर्यंतचे केस म्हणजे आईचा जीव की प्राण. ते गेले तर तिच्यातली उरलीसुरली आईही जाईल, या धास्तीनं ताईला घास गिळवेना. एक दिवस थांब, म्हणून तिनं दादाची मनधरणी केली.

गाडीत बसली की आई शांत असायची. म्हणून दुसऱ्या दिवशी ताई तिला घेऊन गावाबाहेरच्या माळावर गेली, तिथला जुना उभा दगड बघायला. हजारो वर्षांपूर्वीचा, माणसाच्या आकाराचा, पुरुषभर उंच. कुणी उभा केला, कशासाठी, काही ठाऊक नाही. नाकडोळे झिजून गेलेले, छातीवरचे आडवे हात तेवढे शिल्लक. लोक समोरून फोटो काढून चालते व्हायचे. ताईला मात्र धंद्याची खोड, कुणालाही आधी मागून बघायचं. ती मागे गेली आणि थबकलीच.

दगडाच्या पाठीवर वेणी होती. मानेपासून कमरेपर्यंत, तीन पेडांची, एकही पेड न चुकवता कोरलेली. लोखंड माहीत नसलेल्या काळात कुणीतरी दगडानं दगड घासून ती घातली होती, आणि तीही अशा जागी, जिथं कुणी फिरकत नाही. धन्य त्या माणसाची! ताईला अगदी भरून आलं.

आईही हळूहळू मागे आली. बघता बघता तिची बोटं हवेतच हलू लागली, बाजूचा पेड मधल्यावर, पुन्हा दुसऱ्या बाजूचा.

“सुरेख आहे,” ती म्हणाली. मग ताईकडे वळून तिनं अनोळखी बाईला विचारावं तसं अदबीनं विचारलं, “तुम्हाला येते का हो अशी?”

ताई म्हणाली, “येते. माझ्या आईनं शिकवलीय.”

आईनं तिला नीट न्याहाळलं. ओळख काही पटली नाही. पण जवळच्या बाकावर ती बसली आणि ताईकडे पाठ केली.

“मग माझी घाला. आईनं शिकवलीय म्हणजे चांगलीच असेल.”