गठ्ठ्याबाहेरचं कार्ड

वीज आली, पंखा फिरला आणि मुक्ताची सगळी कार्डं खोलीभर उडाली. माझी ही नात दुष्काळावर शोधनिबंध लिहिते आहे आणि तो उद्या कॉलेजात द्यायचा आहे. पाणी, धान्य आणि काम असे तीन गठ्ठे तिने लावले होते, फक्त रबर लावायचे राहिले होते. ती तिथेच बसून रडायला लागली.

"रडून ती आपोआप गोळा होणार आहेत का?" म्हटलं आणि मीही वाकले.

प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात विषय होता, त्यामुळे लावणं सोपं होतं. एकावर मात्र विषय नव्हता. 'धाकटा भाऊ, विहिरीवरची रांग' एवढंच लिहिलं होतं आणि खाली पेन्सिलीने, 'सांगता सांगता आजी इथे थांबली. पुन्हा विचारायचं नाही.'

"हे कुठे ठेवू गं?"

"कुठेच नको, आजी. ते मी घेणार नव्हते."

आम्ही दुःखाचे असे गठ्ठे कधी लावले नाहीत. भांडी घासताना एखादं वर आलं, की चिमूटभर राख जास्त घेऊन जोरात घासायचं. कुणी विचारत नसे, आम्ही सांगत नसू. या पोरीने विचारलं, आणि कुठे थांबायचं तेही लिहून ठेवलं.

"पाण्याच्या गठ्ठ्यात ठेव," मी म्हटलं. "तहानेनेच गेला तो."

तिने कोपऱ्यात विषय लिहिला. मग हळूच विचारलं, "रांगेत घरचं कोण कोण होतं?"

"आई, तो आणि मी. आई पुढच्या महिन्यात गेली. राहिले ती मी."