खडा तोच, कोंदण दुसरं

खोडाळ्याच्या बाजारात खताच्या दुकानाला लागून एक लहान खोली आहे. पुष्पलताने तिथे सोळा वर्षं शिवणकाम केलं. शाळेचे गणवेश, रोजचे ब्लाऊज, साड्यांना फॉल-बीडिंग आणि लग्नसराईत नवरीचे कपडे. वडील गेले तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि धाकटा भाऊ जगन आठवीत. त्याचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं. या सगळ्यात तिचं स्वतःचं लग्न मागे पडलं. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" एवढंच म्हणायची आणि पुन्हा मशीनवर वाकायची.

सदतिसाव्या वर्षी तिला हरेशचं स्थळ आलं. हरेश मोखाड्याला पंचायत समितीत कारकून होता, तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. पहिली बायको सहा वर्षांपूर्वी आजारपणात गेली होती. मूलबाळ नव्हतं, घरात तो आणि त्याची आई. माणूस मोजकं बोलणारा, पण बोललेलं पाळणारा. दोन-तीन भेटी झाल्या, दोघांनी होकार दिला आणि माघात साखरपुडा करायचं ठरलं.

तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर एका रविवारी हरेश दुकानात आला आणि त्याने कापायच्या टेबलावर एक छोटी डबी ठेवली. आत चांदीची अंगठी होती. पांढरा चमकता खडा, चार बारीक नख्यांनी उंच धरलेला. मोबाईलवर बघून त्याने मागवली होती. साखरपुड्यालाच घालायची, पण माप बरोबर आहे की नाही ते कळावं म्हणून आधी आणली, आठ दिवस घालून बघा, असं तो म्हणाला. पुष्पलताने ती लगेच घातली. दिवसभर कापड सरकवताना तिचं लक्ष शिलाईवरून बोटाकडे जात होतं.

चौथ्या दिवशी ती रोशनी नावाच्या मुलीच्या लग्नाचा ब्लाऊज शिवत होती. कापड रेशमी, मोतिया रंगाचं. अस्तर जोडून तिने कापडावरून हात फिरवला आणि हाताला बारीकशी अडखळण जाणवली. अंगठीच्या एका नखीत धागा अडकला होता. तिने सावकाश सोडवला, तरी पुढच्या भागावर बोटभर ओढ पडलीच. बारीक सुईने धागा मागे घेतला, ओलसर फडकं ठेवून इस्त्री फिरवली. ओढ बरीचशी गेली, पूर्ण गेली नाही. संध्याकाळी रोशनी आली तेव्हा पुष्पलताने तिला ती जागा दाखवली आणि शिलाईचे पैसे घेतले नाहीत. पदराखाली झाकलं जाईल, असं म्हणून मुलगी हसून गेली. पण सोळा वर्षांत गिऱ्हाइकाच्या कपड्याला तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तिने अंगठी काढली आणि बटणांच्या डब्यात ठेवून दिली.

पुढच्या रविवारी हरेश आला. त्याने तिचं मोकळं बोट पाहिलं. चहा घेतला, काम आहे म्हणाला आणि नेहमीपेक्षा लवकरच्या जीपने परत गेला. तिनेही अंगठीचा विषय काढला नाही. माणसाने हौसेने आणलेली वस्तू, तिला नाव कसं ठेवायचं, असं तिला वाटत राहिलं. त्यानंतर दोन आठवडे तो आला नाही. फोनवर बोलणं जेवण झालं का, थंडी आहे का, एवढ्यावर आलं. शेवटी जगननेच बहिणीला विचारलं, काही बिनसलंय का. ती म्हणाली, बिनसलं नाही, पण बिनसेल असं दिसतंय.

मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी तिने दुकान बंद ठेवलं आणि जीप धरली. जेवणाच्या सुट्टीत हरेश कचेरीबाहेर आला तेव्हा ती पायरीवर बसली होती. दोघे समोरच्या टपरीवर गेले.

"अंगठी आवडली नाही म्हणून काढली असं नाही," ती म्हणाली. "ती कपडा धरते. एका नवरीच्या ब्लाऊजचा धागा ओढला गेला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, तिथे माझं चुकलं."

हरेशने चहाचा ग्लास खाली ठेवला. "मला वाटलं, तुमचा विचार बदलला."

"विचार बदलला असता तर अंगठी परत दिली असती. तुमच्याकडून आलेलं ठेवून घेतलं नसतं."

त्याचा चेहरा सैल झाला. लगेच त्याने मोबाईल काढला, वस्तू परत करता येते का बघायला. मुदत सात दिवसांची होती, ती कधीच टळून गेली होती. राहू दे, दुसरी घेऊ, असं तो म्हणाला. पुष्पलताला ते पटलं नाही.

"खडा तुम्ही निवडलाय, तो राहू दे. त्याची बसायची जागा तेवढी बदलू."

त्या शनिवारी दोघे जव्हारला देवजीकाकांकडे गेले. देवजीकाका जुने सोनार. डोळे अधू झाल्यापासून नवीन घडवत नव्हते, डागडुजी तेवढी करायचे. त्यांनी भिंगातून खडा पाहिला आणि सरळ सांगितलं की हा हिरा नाही, पण खडा चांगला आहे. कडेला ठोका बसला तर मात्र टवका उडेल. तुमच्या कामाला नख्यांची अंगठी नकोच. खड्याभोवती सगळीकडून चांदीची कड असलेलं बसकं कोंदण बघा. बोटाभोवतीची पट्टी मागून कापलेली नको, ती हंडा उचलतानासुद्धा वाकते. वरच्या चकाकीवर जाऊ नका, ती उडणारच, वजन विचारा. असं रिकामं कोंदण त्यांच्याकडे किंवा शेजारच्या दुकानांत नव्हतं. मोबाईलवर मिळालं तर आणा, खडा मी बसवून देईन, असं ते म्हणाले. खड्याचं माप आणि तिच्या बोटाचा नंबर त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिला.

मग पुढचे दोन रविवार दोघे दुकानात मोबाईल घेऊन बसले. हरेश शोधायचा, पुष्पलता बघायची. अंगठ्या शेकड्यांनी होत्या, पण बहुतेकांचे फोटो वरूनच काढलेले. कापड कधी फोटोवरून घेऊ नये हे ती गिऱ्हाइकांना नेहमी सांगायची, आता तिलाच फोटोवरून घ्यायचं होतं. मग तिने विकणाऱ्यांना निरोप टाकायला सुरुवात केली. अंगठीचा बाजूने फोटो पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवा, वजन किती, पट्टी अखंड आहे का. एकाने उत्तरच दिलं नाही. एकाने "दीदी, डिझाइन सेम है" म्हणून पुन्हा वरचाच फोटो पाठवला. एकीची अंगठी स्वस्त होती, दिसायलाही बरी, पण कुठल्याही बोटाला होते म्हणाली, म्हणजे मागून कापलेली. आणखी एकाने चांदीचं पाणी दिलेलं पितळ चांदी म्हणून लावलं होतं. चांदीच्या शिक्क्याचा फोटो मागितल्यावर त्याने तसं कबूल केलं.

पाचवी एक बाई होती, राजस्थानात घरीच चांदीचं काम करणारी. तिने कोंदण हातात धरून व्हिडिओ पाठवला. सगळीकडून फिरवून दाखवलं, आतला शिक्का दाखवला, वजनकाट्यावर ठेवलं. पहिल्या अंगठीच्या दुपटीहून जास्त भरलं. किंमत मात्र थोडीच जास्त होती. कड खड्यापेक्षा केसभर लहान आहे, सोनाराकडून उघडून घ्यावी लागेल, हेही तिने आधीच सांगितलं. उणीव आपणहून सांगते तिच्याकडूनच घेऊ, असं पुष्पलता म्हणाली.

पार्सल मोखाड्याला हरेशच्या कचेरीत आलं. दोघे पुन्हा जव्हारला गेले. देवजीकाकांनी नख्या उघडून खडा काढला, कोंदणाची कड आतून थोडी घासली, खडा बसवला. आता कड दाबायची होती.

"दाबताना फुटला तर मी काही करू शकणार नाही," ते म्हणाले.

हरेशने पुष्पलताकडे पाहिलं. ती म्हणाली, दाबा.

समोरून, मागून, मग दोन्ही बाजूंनी, असं थोडं थोडं दाबत त्यांनी अर्धा तास घेतला. खडा बसला. पुष्पलताने पिशवीतून नायलॉनच्या जुन्या साडीचा तुकडा काढला, अंगठी घातली आणि त्यावरून हात जोरात फिरवला. उलटा फिरवला. कुठेच अडलं नाही. देवजीकाका म्हणाले, पन्नास वर्षांत अंगठी अशी पारखून घेणारं गिऱ्हाईक पहिलंच.

परतीच्या जीपमध्ये गर्दी होती. दोघे मागे अंग चोरून बसले होते. बराच रस्ता गेल्यावर हरेश हळू आवाजात आपल्या पहिल्या बायकोबद्दल बोलला. तो तिच्याबद्दल बोलण्याची ही पहिलीच वेळ. तिला अंगठी हवी होती आणि दर दिवाळीला ती घेणं पुढच्या दिवाळीवर गेलं. म्हणून या वेळी विचारत बसलो नाही, थेट आणली, असं तो म्हणाला. पुष्पलताने तिचं नाव विचारलं. सकू, तो म्हणाला. ती कशी होती, काय आवडायचं तिला, हे पुष्पलता मोखाड्यापर्यंत विचारत राहिली आणि तो सांगत राहिला.

साखरपुडा खोडाळ्यालाच झाला, दुकानामागच्या अंगणात. हरेशच्या आईने, भागीबाईंनी, होणाऱ्या सुनेचा हात हातात घेऊन अंगठी निरखली. खडा आत दबल्यासारखा का दिसतो, असं त्यांनी विचारलं. हरेशने कामाचं कारण सांगितलं. तरी त्यांना अंगठी फारशी रुचलेली नव्हती.

वैशाखात लग्न झालं. मशीन टेंपोतून मोखाड्याला आलं आणि पुढच्या खोलीत खिडकीशी लागलं. दिवाळीपर्यंत अंगठीवरची चकाकी गेली. पट्टीवर ओरखडे आले. खडा जागचा हलला नाही, कापडाचा एक धागाही ओढला गेला नाही. भांडी, धुणं, भाताच्या आवणीच्या दिवसांत माहेरच्या शेतातला चिखल, सगळ्यात ती बोटात होती.

परवा दुपारी पुष्पलता काज करत बसली होती. भागीबाई बाहेरून आल्या, शेजारी टेकल्या आणि त्यांनी आपला हात मशीनच्या फळीवर ठेवला. बोटांचे सांधे जाड झालेले, मधलं बोट थोडं वाकलेलं.

"माझ्या बोटात मावंल का गं, अशी?"

पुष्पलताने सुई बाजूला टोचून ठेवली आणि खडा कुठला हवा ते विचारलं. भागीबाईंनी जरा विचार केला.

"तांबडा," त्या म्हणाल्या.