पाच वाजता मेन स्विच खाली

माझ्या पीएचडीच्या आड एक हळद लपली आहे. आगरी घरातली, डीजे लावलेली. ऐकाच.

तळा गावच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता पंचेचाळिसाव्या वर्षी मला पीएचडीची हौस आली. मार्गदर्शक अलिबागच्या कॉलेजातले, लॅबही तिथलीच; माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला मास्तर. विषय भारदस्त होता: प्लास्टिक तयार होत असताना त्यात फुलरीन घातलं तर काय होतं?

फुलरीन म्हणजे कार्बनच्या साठ अणूंचा पोकळ चेंडू. आणि प्लास्टिक म्हणजे साखळी. रॅडिकल नावाचा एक हपापलेला कण एका रेणूला धरतो, तो रेणू दुसऱ्याला, तो तिसऱ्याला, आणि बघता बघता हजारोंची रांग लागते. फुलरीन काय करतं? त्या रॅडिकलनाच आधी अंगाला चिकटवून घेतं. पंगत बसली आहे आणि कुणीतरी वाढप्यांनाच गप्पांत अडकवून ठेवलं आहे, तसं.

ॲक्रिलिकचा कच्चा माल टोल्युइन नावाच्या द्रावकात घालून नळ्या बंद करायच्या आणि सकाळी विजेवर तापणाऱ्या पाण्यात ठेवायच्या. साधी नळी तीनपर्यंत काकवीसारखी घट्ट व्हायची. फुलरीनची नळी जांभळीच राहायची, पाण्यासारखी पातळ. मग पाच वाजता लॅबचे म्हातारे परिचर मेन स्विच खाली ओढायचे. कधीकाळी तिथे आग लागली होती, तेव्हापासूनचा लेखी नियम. आम्ही वहीत लिहायचो, फुलरीन प्लास्टिक होऊच देत नाही. सरांनी तसा पेपरही छापून आणला. दोन वर्षं त्या लॅबमधलं सगळं विज्ञान पाचला संपत होतं आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्यासुद्धा!

एके दिवशी परिचर दुपारीच पुतण्याच्या हळदीला पळाले. सर मुंबईला, मी सकाळी नळ्या लावून परीक्षेच्या कामाला तळ्याला. स्विच तसाच राहिला. सकाळी येऊन बघतो तर फुलरीनची नळी कोऱ्या चहासारखी तपकिरी आणि उलटी केली तरी न सांडणारी. म्हणजे वाढपी गप्पांत अडकले होते खरे. पण चेंडूवरच्या जागा भरल्या, उरलेले वाढपी मोकळे झाले आणि पंगत सुरू झाली. फुलरीन थांबवत नव्हतं. नुसता उशीर करत होतं.

"काय जललं नाय ना, मास्तर?" दारातच परिचरांनी विचारलं. कानामागे हळद तशीच होती.

"तुमचं नाही. माझा प्रबंध जळला."

सरांनी नळी उजेडात धरली. बाहेर व्हरांड्यात परिचर झाडत होते.

"मास्तर, तुमच्या नळीनं रात्रपाळी केली म्हणून मी पेपर मागे घेऊ?"

"पण सर, खरं तर..."

"मग लेखी द्या. मेन रात्रभर चालू होता, कुणामुळे होता, तेही लिहा. म्हाताऱ्याची पेन्शन दोन वर्षांवर आलीय ना?"

मी लेखी दिलं नाही. घरी बायकोला सांगितलं, गरिबाची नोकरी वाचवली. सांगताना माझा आवाज असा काही भरून आला म्हणता, नाटकात शोभला असता. नोकरी माझ्या पदवीसाठी वाचली होती, हे तिला कळलं असावं. ती भाजी निवडत राहिली.

तोंडी परीक्षेला पुण्याच्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "आणखी थोडं थांबला असतात तर?"

सर पेनाचं टोपण बघत होते. मी दोन्ही हात पसरले.

"काय करणार सर! पाचला आमची लॅब बंद होते."

असा हशा पिकला! परीक्षकांनी डोळे पुसले आणि सही केली. त्याहून मोठा हशा मला आयुष्यात मिळालेला नाही.

परिचर कपबशा गोळा करत होते. ते हसले नाहीत. जिन्यात मला गाठून म्हणाले, "मास्तर, माझं नाव सांगून टाकायचंत. मी तयार व्हतो. तुम्ही इचारलंच नाय."