अर्धी काकडी

शेजारच्या खोलीतल्या ताईने मला सांभाळून घेतलं, हे आधी सांगते. मी सोलापूरकडची, सातवीत शाळा सुटलेली, डहाणूला चिकू भरायच्या कामावर. ती तलासरीकडची. प्रबंधासाठी व्हिएतनामच्या भातशेतीच्या गावात राहायला जाणार होती. रोज संध्याकाळी तिचे बेत चालायचे आणि प्रत्येक बेत ‘समज’ने सुरू व्हायचा. “समज, मला कोणी घरातच घेतलं नाही!” मग स्वतःच हसायची.

पावसाळ्यात तिने मला गावी नेलं. अंगणातल्या वेलाची काकडी मी तोडून खाल्ली, तशी तिच्या आईचा चेहरा उतरला. नवं पीक देवाला दाखवल्याशिवाय त्यांच्यात कोणी तोंडात घालत नाही, हे मला कुठलं ठाऊक! वाटलं, आता घराबाहेर काढणार.

ताईने माझ्या हातातली उरलेली अर्धी काकडी घेतली आणि कचकन चावली. “आये, मीपण खाल्ली. आता दोघींना ओरड.”

“शिकून वाया गेली गं ही,” आई मला म्हणाली आणि हसत भाकर वाढायला उठली.

पुढच्या महिन्यात ताई निघतेय. परक्या अंगणात ती चुकेल तेव्हा मी जवळ नसणार. पण ताई, समज, तू कधी माझ्या गावी आलीस आणि चुकलीस, तर उरलेली अर्धी मी खाईन.