मोराकडे पाठ करून

लोणावळ्याला लोक हवा खायला येतात. आम्ही केस उगवायला आलो होतो. उन्हाळ्यात आमच्या कुटुंबाला, म्हणजे इंदूला, विषमज्वर झाला. जीव वाचला, पण मागाहून तिचे गुडघ्यापर्यंतचे केस झडले. डॉक्टर म्हणाले, येतील. इंदूचा विश्वास नव्हता. मार्गशीर्षात तिच्या दादाचं लग्न, ही एकुलती एक बहीण, म्हणजे करवली हीच. पण ती हटून बसली होती. "करा-दिवा घेऊन मांडवात उभी राहिले, तर लोक कुंकवाआधी डोकं बघतील. मी येत नाही."

बेडशाच्या लेण्यांत तुला वटवाघळांशिवाय कोण बघतंय, असं म्हणून आश्विनातल्या एका सकाळी मी तिला कसंबसं बिऱ्हाडाबाहेर काढलं. कामशेतपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. दोन्ही अंगांना भात निसवलं होतं आणि त्याचा गोड वास येत होता. बेडशाच्या अलीकडे चाक चिखलात रुतलं. गाडीवान माणसं बोलवायला गेला आणि आम्ही जवळच्याच एका घराच्या पडवीत टेकलो.

घरात एकटी म्हातारी होती, पारूमावशी. तिनं ताक दिलं, नाचणीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. इंदूच्या कपाळापर्यंत ओढलेल्या पदराबद्दल तिनं काहीच विचारलं नाही. मला तिचे पाय धरावेसे वाटले.

जेवण झाल्यावर मावशीनं घरामागच्या परड्यात मूठभर दाणे टाकले आणि आम्हाला मागच्या पडवीत नेऊन ती भिंतीकडे तोंड करून बसली. "तुमीबी पाठ करून बसा. मोर यायचा हाय."

"मोर येणार आणि आम्ही भिंत बघायची?"

"पिसं झडल्यात त्येची. लाजतो. कुनी बगितलं तर उपाशी जातो."

बसलो बापडे. लेणी पाहायला निघून शेणानं सारवलेली भिंत पाहणारा प्रवासी बहुधा मीच असेन. मागे दाणे टिपल्याचा आवाज आला आणि मला काही राहवेना. मान वळवली. "अहो, ही तर लांडोर!"

"न्हाई ओ भाऊ, मोरच त्यो. मान बगा की, निळी."

पण तोवर तो कुंपणाआड पळाला होता. इंदू माझ्यावर कडाडली, "तोंड फिरवा आधी! जेवू द्या ना त्याला!" कित्येक महिन्यांनी तिचा आवाज असा चढला होता. मला बोलणी खाऊन इतका आनंद कधी झाला नव्हता.

थोड्या वेळानं तो परत आला. इंदूनं हळूच विचारलं, "मावशी, पुन्हा येतात पिसं?"

"येत्यात तर! दरसाल पाऊस सरता सरता झडत्यात. आता बुडाशी कोंब फुटल्यात. शिमग्याच्या म्होरं बगा, लय देखना दिसतो."

"त्याला ठाऊक असतं, येतील म्हणून?"

"त्येला कुटनं ठावं आसंल? पन दानं टिपाया येतोच की."

इंदूचा हात पदराखाली गेला आणि बोटभर वाढलेल्या खुंटांवरून फिरत राहिला.

आढ्याला झडलेल्या पिसांची जुडी बांधलेली होती. निघताना मी एक मागितलं. "आत्ता न्हाई. नवी येईस्तोवर ती त्येचीच," मावशी म्हणाली. "आमच्यात तशी रीत हाय. शिमग्याला या दोघं, मग न्या."

चाक निघेपर्यंत ऊन कललं आणि लेणी पाहायची राहिली. परतीच्या आगगाडीत इंदू खिडकीशी बसली. वाऱ्यानं पदर खांद्यावर घसरला. समोरच्या बायका बघू लागल्या. मी तो सावरायला हात पुढे केला, तर तिनं माझा हात धरून खाली ठेवला.

"दादाला कळवा, करवली येतेय. गजरा काही राहायचा नाही. एक शेवंती कानामागे खोचीन."

माझे डोळे भरून आले, म्हणून मी तोंड फिरवून डब्याची भिंत बघत बसलो.

"अहो," ती म्हणाली, "आता बघा की इकडे."