चिमटाबाईचा घास

शाळेच्या जेवणघरात तिला सगळे चिमटाबाई म्हणत. मुलं पाठीमागे, मुख्याध्यापिका तोंडावर. ताट रिकामं झाल्याशिवाय कुणी मैदानावर जायचं नाही, हा शाळेचा नियम, आणि तो पाळायला लावण्यासाठी हिला ठेवलेलं. जो घास घेईना त्याचं नाक ती दोन बोटांत असं दाबून धरी की श्वासासाठी तोंड उघडावंच लागे. उघडलं की चमचा आत. दातांवर आपटलेल्या चमच्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाई. मग दारात प्रत्येकाने ‘आ’ करायचा. गालात घास दडवलाय का, हे ती बोट फिरवून बघे. एकदा ताटावरच तोंड तपासताना एका पोरीने त्या बोटाचा असा लचका तोडला की हाड दिसलं. चिमटाबाईने त्याच हाताने तिच्या थोबाडीत दिली. ताटात रक्त सांडलं, ताट बदललं, आणि नवं ताट तिला संपवायला लावलं. यानंतर हूं की चूं करायची कुणाची टाप होती?

पाहुणे आले की मुख्याध्यापिका रिकामी ताटं कौतुकाने दाखवत. पोरं जेवतात की नुसती गिळतात, हे बघायला सवड होती कुणाला!

तिची स्वतःची लेकही त्याच शाळेत होती. तिच्यावर तर हात जास्तच जड, नाहीतर लोक म्हणाले असते, घरच्या पोरीला सोडते. एकदा लेक उकडलेला भोपळा ताटातच ओकली. सगळं जेवणघर बघत होतं. चिमटाबाईने तो चमच्याने गोळा केला, ओकारीसकट, आणि पुन्हा भरवला. लेकीने गिळला. त्या दिवशी चिमटाबाईला चक्क अभिमान वाटला होता.

लेक मोठी झाली, संसाराला लागली, पण चारचौघांत बसून कधी जेवली नाही. ओट्याशी उभी राहून, भिंतीकडे तोंड करून, कुणी हिसकावून घेईल अशा घाईने ताट संपवी. नोकरी सुटल्यावर चिमटाबाई तिच्याकडेच राहायला आली. आता तिची एकच हौस उरली होती, चार वर्षांच्या नातीने आपल्या मांडीवर बसून चवीने जेवावं. पण घास दिसला की नात टेबलाखाली शिरायची. लेक तिला बाहेर ओढायची, भरवायची, आणि शेवटी ‘आ’ करायला लावायची. चिमटाबाई तेव्हा खिडकीबाहेर बघत बसे.

त्या दुपारी लेकीने पोरीला पाय धरून ओढलं, गुडघ्यांत दाबलं आणि तिचं नाक धरलं. दोन बोटांत. अगदी तस्संच. पोरीचा चेहरा लाल झाला, मग निळा पडला, टाचा फरशीवर आपटायला लागल्या, तरी तोंड उघडेना.

“सोड! मरेल गं ती!”

“नाही मरत. मी कुठे मेले?”

चिमटाबाईने लेकीचे केस धरून तिला मागे खेचलं. लेकीने कोपर हाणलं, म्हातारीचा ओठ फुटला. ताट भिंतीवर आदळलं आणि भोपळा फरशीभर झाला. लेक चमचा उगारून तिच्या अंगावर धावली.

“ताट संपल्याशिवाय उठायचं नाही! कुणाचा नियम हा, आई? बोल ना!”

‘शाळेचा’ हे उत्तर चिमटाबाईच्या ओठांवर तयार होतं. आयुष्यभर तिने तेच दिलं होतं. तिने तोंडातलं रक्त गिळलं.

“नियम शाळेचा होता,” ती म्हणाली. “पण नाक धरायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझंच गं.”

लेकीचा उगारलेला हात खाली आला. ती भिंतीला टेकून ढसाढसा रडायला लागली. तेव्हा कुठे दोघींचं पोरीकडे लक्ष गेलं. ती फरशीवर रांगत भोपळा गोळा करत होती आणि दोन्ही मुठींनी तोंडात कोंबत होती.

“पुरे बाळा, नको खाऊस,” चिमटाबाई म्हणाली. हे वाक्य तिने जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं.

नातीने घाईघाईने घास गिळला. तिचे डोळे पाण्याने भरले. आजीसमोर येऊन तिने मोठा ‘आ’ केला.

“बघ आजी, संपवलं सगळं. आता आईला नको ना मारूस.”